बोलीच्या वरचे पैसे

लिलावगृहांबद्दल मला कुणी मत विचारलं, की मी आधी समोरच्याला बसायला सांगते. दोन वाक्यांत माझं भागत नाही आणि तिसऱ्या वाक्याला माझा आवाज चढतो. मग शेजारचा कुरिअरवाला डोकावून विचारतो, "काकू, परत पोस्टर का?" हो बाबा, परत पोस्टर.

बिबवेवाडीत माझा एक गाळा आहे. पुढच्या अर्ध्या भागात जुनी सिनेमाची पोस्टरं विकते, मागच्या अर्ध्यात ती दुरुस्त करते. माझं मूळ काम बुकबाइंडिंगचं. वकिलांची जाडजूड पुस्तकं, शाळांची हजेरीपुस्तकं, असली रुक्ष कामं वर्षानुवर्षं केली. एकदा एक गिऱ्हाईक घड्यांवर फाटलेलं पोस्टर घेऊन आलं आणि हे जोडता येईल का म्हणून विचारू लागलं. मी गव्हाची खळ शिजवली, मागे मांजरपाटाचं कापड लावलं आणि ब्रशने हवा काढत काढत ते सपाट केलं. वाळल्यावर भिंतीला टेकवून उभं केलं आणि त्यातल्या बाईच्या डोळ्यांकडे बघतच राहिले. त्यानंतर हजेरीपुस्तकांत माझं मन काही रमलं नाही.

दर रविवारी सकाळी गाळ्यात सतरंजी पडते. ज्याला विकायचं तो आपलं पोस्टर तिच्यावर पसरतो. ज्याला घ्यायचं तो भाव बोलतो. पटलं तर विकणारा "दिलं" म्हणतो, नाही पटलं तर तो पोस्टर गुंडाळायला लागतो. गुंडाळायला लागला की बोलणं संपलं, पुन्हा गळ घालायची नाही. बोललेला आकडा हाच आकडा. त्याच्या वर काही नाही, खाली काही नाही. मी त्यातलं काही घेत नाही, माझी मिळकत खळीची आणि मांजरपाटाची. चहा मात्र ज्याचं विकलं गेलं त्याने पाजायचा. हे सगळं सांगणारी पाटी मी लावलेली नाही. पुण्यात पाट्यांचा तसाही काही दुष्काळ नाही.

लिलावगृहं या धंद्यात आली तेव्हा आम्हाला आनंद झाला होता, हे खोटं कशाला बोलू? रद्दीच्या भावात घेतलेल्या कागदाला कुणी काचेमागे ठेवतंय, गुळगुळीत कॅटलॉगमध्ये छापतंय, वर्तमानपत्रात भाव येतोय. आमच्या घरच्यांना पहिल्यांदा वाटलं की आम्ही अगदीच वेडे नव्हतो. पण वर्तमानपत्रात जो आकडा येतो, तो ना घेणाऱ्याचा असतो ना विकणाऱ्याचा. समजा, हातोडा लाखावर पडला. घेणाऱ्याने लाख द्यायचे, त्यावर पाचवा हिस्सा लिलावगृहाची फी, त्या फीवर पुन्हा कर. म्हणजे त्याला पडले सव्वा लाखाला थोडे कमी. आता विकणाऱ्याकडे या. त्याच्या लाखातून कमिशन कापलं, त्यावरही कर लागला, आणि हातात ब्याऐंशी हजार टेकले. त्यातूनही फोटो काढल्याचे आणि विम्याचे पैसे जायचे असतात. मधले चाळीस हजार गेले कुठे? सरकारचा वाटा सोडा, तो कुणाला चुकलाय? बाकीचे ज्याने खाल्ले त्याने ते पोस्टर छापलं नव्हतं, वाळवीपासून जपलं नव्हतं की भिंतीवरून उतरवून घेतलं नव्हतं. दोन मांजरांच्या भांडणातल्या माकडाने निदान तराजू तरी घरून आणला होता.

सगळ्यात आधी मेला तो व्यापारी. जुन्या बाजारात बसणारा आमच्यातलाच एकजण, हाडाचा व्यापारी, हौसेने एका लिलावात उतरला. घेतलं ते फीसकट महाग पडलं. विकायला गेला तर गिऱ्हाईक वर्तमानपत्रातला आकडा तोंडावर फेकायचं, "एवढ्यालाच गेलं ना ते?" त्याने तोटा खाल्ला आणि शहाणा झाला. आता तो लिलावात बोली लावायच्या आधीच फी वजा करतो. लाखाची वस्तू दिसली की हा ऐंशीच्या आतच थांबतो. असे सगळेच थांबायला लागले. मग उरले ते ज्यांना आकड्याशी देणंघेणं नाही ते, आणि त्यांना मधल्या फळीतली पोस्टरं नकोच असतात.

हे मी काकांना समजावून थकले होते. काका म्हणजे आमच्या रविवारच्या बैठकीतले सगळ्यात वडील. पेठेत राहायचे, आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि पगारातून उरेल त्याची पोस्टरं घेतली. लग्नातला सूट शिवला नाही, पण दगडी छापखान्यातली पोस्टरं कोण छापायचं, रंग कसे चढायचे, हे त्यांना विचारावं. त्यांची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि मुलाने त्यांना पुण्याबाहेर मांजरी गावात आपल्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं. मुलगा वाईट नाही. पण दोन खोल्यांत चार माणसं आणि पन्नास वर्षांची पोस्टरं मावत नाहीत, आणि तो म्हणाला, "बाबा, एकतर सगळं विका नाहीतर कुठेतरी ठेवायची सोय करा." माझ्या दुसऱ्या बाजूचा छोटा गाळा रिकामा होणार होता. काकांनी हिशोब केला. एक पोस्टर विकायचं, त्यात गाळ्याचं डिपॉझिट आणि वर्षाचं भाडं निघेल, म्हणजे बाकीची सगळी वाचतील. एकाच्या जिवावर बाकीच्यांना घर. गाळ्याचा मालक महिनाअखेरीपर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर तो एका मसालेवाल्याला देणार होता.

विकायला काढलं ते त्यांचं सगळ्यात लाडकं. घोड्यावरची राणी, मागे जळतं आकाश, आणि घोड्याच्या आयाळीला असा काही नारंगी रंग की तो आजच्या कुठल्या मशीनमधून येणार नाही. मीच त्याला मांजरपाट लावलं होतं. मी म्हटलं, "अहो काका, सतरंजीवर मांडा. रोख मिळतील, सगळे तुमचे."

"बाई, तुमच्या सतरंजीवर लाख रुपये बसायला आले तर सतरंजी फाटेल," काका म्हणाले.

लिलावगृहाचा माणूस त्यांच्या घरी येऊन गेला होता. पांढरे हातमोजे घालून त्याने पोस्टर धरलं म्हणे. त्या हातमोज्यांनी काका विरघळले. आयुष्यात कुणी त्यांच्या पोस्टरला एवढ्या अदबीने हात लावला नव्हता. मी खळीच्या हातांची बाई, मी काय बोलणार? पोस्टर गेलं. सुरुवातीची बोली लाखाची ठरली.

लिलाव नेमका रविवारी होता, तोही फोनवर बघता येणारा. आमची बैठक त्या दिवशी काकांच्या टॅबलेटभोवतीच भरली. जुन्या बाजारातला व्यापारी होता आणि मांजरीचे एक बागायतदार होते. त्यांच्या गावात पूर्वी तंबू टाकून सिनेमे दाखवायचे, तेव्हापासून त्यांना पोस्टरांचं वेड. उसाच्या अर्ध्या रानात आता इमारती उभ्या आहेत, पण बंगल्याच्या हॉलमध्ये त्यांनी देवघरापेक्षा जास्त जागा पोस्टरांना दिली आहे. दोघांनाही घोड्यावरची राणी हवी होती, मला ठाऊक होतं. दोघेही बोली लावायला नाव नोंदवून बसले होते.

काकांचं पोस्टर पडद्यावर आलं. लिलाव करणाऱ्याने लाखाचा आकडा पुकारला. आणि मी काही म्हणायच्या आत काकांनी बोट टेकवलं.

"काका! काय केलंत?"

"पहिली बोली आपली," ते शांतपणे म्हणाले.

हे समजायला त्यांची गल्ली माहीत हवी. गल्लीतल्या देवळात नवरात्रात देवीला साड्या येतात आणि दसऱ्यानंतर त्यांचा लिलाव होतो. तिथली रीत अशी की, ज्या घरातून साडी आली त्या घराने पहिली बोली लावायची. साडी पोरकी वाटू नये म्हणून. मग कुणी वर बोललं तर मान वाढला, कुणी नाही बोललं तर प्रसाद म्हणून घरी न्यायची. पैसे देवीला. काकांनी आयुष्यभर असेच लिलाव पाहिले होते. वस्तू आपली, तर पहिला शब्दही आपला, यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही. बोली लावणारा म्हणून त्यांनी स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच पत्त्यावर नोंद केली होती. लबाडी करायची असती तर माणूस निदान मेव्हण्याचं नाव देतो.

मग आम्ही दुसऱ्या बोलीची वाट पाहिली. लिलाव करणारा गोड आवाजात इकडेतिकडे विचारत राहिला. मी व्यापाऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. बागायतदारांकडे पाहिलं. ते फोन हातात धरून नुसते बसले होते. हातोडा पडला. काकांनी स्वतःचंच पोस्टर विकत घेतलं होतं.

"असू दे," काका जरा हिरमुसून म्हणाले, "घरी येईल परत."

मी त्या दोघांवर उखडले. "हवं होतं ना तुम्हाला? मग हात का आखडलात?"

"लाखाला हात लावला तरी सव्वा द्यायला लागतंय," बागायतदार म्हणाले. "माझी तयारी एक दहाची हाय. सगळं धरून एक लाख दहा हजार. त्यांच्या हिशोबात मी सुरुवातीलाच बाद."

व्यापाऱ्याचं थोडंफार तेच. म्हणजे माणसं होती, पैसे होते, वस्तू हवी होती. लाखाच्या वर द्यायलाही दोघं तयार होते. मध्ये फी उभी राहिली आणि विक्री झालीच नाही. मला रडू यायला हवं होतं, पण मला राग येतो. माझं नेहमीच असं आहे.

दोन दिवसांनी लिलावगृहाचा फोन आला तेव्हा हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते काकांना कळलं. घेणारा म्हणून त्यांनी फी द्यायची. विकणारा म्हणून त्यांच्याकडून कमिशन घेतलं जाणार. दोन्हींवर कर. शिवाय स्वतःच्या वस्तूवर बोली लावून त्यांनी नियम मोडला होता, त्याबद्दल कडक समज. पैसे भरेपर्यंत पोस्टर लिलावगृहाकडेच राहणार आणि राहील तितके दिवस गोदामाचं भाडं चढणार. आपलंच पोस्टर आपल्याकडे ठेवण्यासाठी काकांनी चाळीस हजारांच्या वर मोजायचे होते! गाळा गेला, पोस्टरही अडकलं. काका माझ्याकडे येऊन बसले आणि खळीच्या पातेल्याकडे बघत म्हणाले, "बाई, रद्दीवाल्याला बोलवा. बाकीची पण देऊन टाकतो. मला आता त्यांच्याकडे बघवत नाही."

मी पातेलं उतरवलं, हात धुतले आणि म्हटलं, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला."

लिलावगृहाचं पुण्यातलं ऑफिस कोरेगाव पार्कात आहे. जाताना मी मंडईत उतरून भाजी घेतली, कारण जग बुडालं तरी घरी भाजी लागते. तशीच पिशवी घेऊन आम्ही त्या काचेच्या दारातून आत गेलो. आत गारवा, मोगऱ्याचा कसला तरी फवारा आणि एका चौथऱ्यावर एकटंच घड्याळ. मी पिशवी काचेच्या टेबलावर ठेवली. शेपूच्या जुडीतून थोडं पाणी गळलं, त्याला माझा इलाज नव्हता.

एक तरुण अधिकारी मुलगी आली. मुलगी सभ्य होती, उगाच खोटं कशाला सांगू? "सर, टर्म्समध्ये क्लिअरली लिहिलंय," ती म्हणाली. "सेलरला स्वतःच्या लॉटवर बिड करता येत नाही. तरी सर सीनियर सिटिझन आहेत म्हणून आम्ही बायरच्या फीमध्ये थोडं कन्सेशन देऊ शकतो."

"मला सवलत नको," काका म्हणाले. "मला माझं पोस्टर हवंय."

"काकांनी नियम मोडला असं तुमचं म्हणणं आहे ना?" मी विचारलं.

"हो मॅडम."

"म्हणजे त्यांना बोली लावायचा अधिकारच नव्हता."

"करेक्ट."

"मग त्यांची बोली रद्द. दुसरी बोली आलीच नाही. म्हणजे विक्री झाली नाही. विक्री झाली नाही तर घेणारा कोण आणि विकणारा कोण? फी कुणाकडून घेताय?"

 तिने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, मग ती आत गेली. बराच वेळ काचेपलीकडे फोनवर बोलत होती. परत आली ती जरा नरमून. बोली रद्द धरता येईल, असं त्यांच्या मुंबईच्या मुख्य ऑफिसचं म्हणणं पडलं. पण मग लॉट न विकला गेल्याची फी लागेल, वस्तू परत घेण्याची वेगळी, आणि फोटोचे पैसे. छापा पडला तरी यांचं, काटा पडला तरी यांचं.

 काका खुर्चीत सावरून बसले. मला वाटलं आता हा माणूस चेक काढणार. ते म्हणाले, "फोटोचे देतो. फोटो चांगला काढलाय, आयाळीचा रंग बरोबर आलाय. तुम्ही काम केलंत, त्याचे पैसे घ्या. पण तुम्हाला विकता आलं नाही, त्याचा दंड मी भरायचा? आमच्याकडे ज्याला जमलं नाही तो ओशाळतो, पैसे मागत नाही."

"सर, पॉलिसी आहे."

"मग आम्ही बसतो," मी म्हटलं.

आणि बसलो. आरडाओरडा केला नाही, मी कबूल करते की मला फार हुक्की आली होती. जेवायची वेळ झाली तेव्हा मी डबा उघडला. भाकरी, झुणका, लसणाची चटणी आणि फोडलेला कांदा. काकांनी दोन्ही हातांनी भाकरी मोडली. मोगऱ्याच्या फवाऱ्याने थोडा वेळ झुंज दिली, पण लसणापुढे कुणाचं काय चालतं? एक सुटाबुटातलं जोडपं ते घड्याळ बघायला आलं, नाकाला रुमाल लावून उभं राहिलं आणि पुन्हा येतो म्हणून निघून गेलं. ती मुलगी पुन्हा आत गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर हसू होतं असं मला वाटलं. तिलाही भूक लागली असावी.

दुपार कलायच्या आत आतल्या खोलीतून नळकांडं आलं. काकांनी फक्त फोटोचे पैसे दिले, पावती घेतली, नळकांडं उघडून राणी पुरती उलगडून पाहिली आणि मगच उठले. बाहेर पडल्यावर फुटपाथवर ते नळकांडं छातीशी धरून थांबले. मी त्यांचा दंड धरला. "घाबरलो होतो हो बाई," ते म्हणाले. मीही घाबरले होते, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्या रविवारी राणी सतरंजीवर पसरली. बागायतदार गुडघ्यांवर बसले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एक दहा." व्यापाऱ्याने एक पाच म्हणून आधीच माघार घेतली होती. काकांनी पोस्टरच्या कडेवरून एकदा हात फिरवला. ते पोस्टर मलाही जाऊ द्यायचं नव्हतं. "दिलं," ते म्हणाले.

"मांजरीलाच ऱ्हायला येताय नव्हं? मग या की कधीबी बघायला," बागायतदार म्हणाले. "च्या पिऊ." लिलावात वस्तू एका नंबराला जाते आणि त्या नंबराच्या घरी कुणी चहाला जात नाही. हे मी लिलावगृहाच्या त्या मुलीला सांगायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही.

लिलावगृहाने आता माझं नाव आपल्या निमंत्रणांच्या यादीतून काढलंय, असं ऐकते. आमच्यातले काहीजण अजून तिथे जातात, मी त्यांना अडवत नाही. ज्याचं त्याने बघावं. मी मात्र तिथे पुन्हा पाय ठेवणार नाही.

महिना संपायच्या आत शेजारच्या गाळ्याची किल्ली काकांना मिळाली. टेम्पो आला, गठ्ठे उतरवायला मी आणि काका, आणि मुलगाही ऑफिसला दांडी मारून आला होता. तो रॅकचे स्क्रू पिळत होता तेवढ्यात काकांचा फोन वाजला. हातात गठ्ठा होता म्हणून त्यांनी स्पीकर लावला. लिलावगृहाचा तोच हातमोज्यांचा माणूस होता. झाल्या गैरसमजाबद्दल दिलगीर होता. काकांचा पूर्ण संग्रह विकायचा असेल तर त्यांच्याकडून एक रुपयाही कमिशन घेणार नव्हते. फोटो, विमा, वाहतूक, सगळं फुकट. मुलाचा स्क्रूड्रायव्हर थांबला. त्याने वडिलांकडे पाहिलं. मीही पाहिलं, कारण खरंच, शून्य म्हणजे शून्य.

"माझ्याकडून काही नाही," काका म्हणाले. "आणि घेणाऱ्याकडून?"

तो माणूस जरा घुटमळला. घेणाऱ्याची फी नेहमीप्रमाणे, म्हणाला, उलट आता थोडी वाढली आहे.

"म्हणजे माझी सूट त्याच्या खिशातून," काका म्हणाले. "अहो, पन्नास वर्षं मी घेणाराच होतो. पगार झाला की दोन दिवस हिशोब करायचा, मग एक पोस्टर. तुमच्या लिलावात माझ्यासारखा कुणी बोट वर करायला बसला असेल, तर त्याला लुटून मला शून्य नको."

त्यांनी फोन ठेवला.  मुलाने खाली वाकून पुढचा गठ्ठा उचलला आणि विचारलं, "बाबा, हा वरच्या फळीवर ठेवू का?"